क्लॅटचा पेपर पुरा होत नाही

प्रश्न : ताई, मी लातूरला बारावीत आहे. क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, सरावात शेवटचे वीसेक प्रश्न राहूनच जातात. वेग कसा वाढवू?

उत्तर : 120 मिनिटांत 120 प्रश्न, म्हणजे धावपळ होणारच. पण माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं हळू वाचत नाहीत, तोच उतारा तीन-तीनदा वाचतात. वेळ तिथे जातो. कायद्याच्या उताऱ्यात आधी नियमाचं वाक्य शोध. पेपर इंग्रजीत असतो, तेव्हा ‘अनलेस’, ‘एक्सेप्ट’ असे अपवाद सांगणारे शब्द दिसले की खाली रेघ मार. समजा नियम आहे : अठराखालच्या मुलाचा करार रद्दबातल. आणि सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून हप्त्याने मोबाइल घेतलाय. दुकानदाराचं वाईट वाटतं आणि हात चुकीच्या पर्यायाकडे जातो. तसं करू नकोस गं, दिलेल्या नियमालाच धरून राहा. कायदा आधीपासून पाठ असण्याची गरज नाही.

चुकीला पाव गुण कापतात, तरी दोन पर्याय नक्की बाद झाले तर उत्तर देऊन टाक. राज्याच्या लॉ सीईटीत गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.