कनू सहलीच्या शेवटच्या दिवशी पकडलेले मासे गाडीपर्यंत ताजे कसे न्यावेत?

तुम्ही लिहिलंय की बाउंड्री वॉटर्समध्ये, म्हणजे मिनेसोटातल्या तळ्यांच्या राखीव जंगलात, चार दिवस, दोन कनू, दोन मुलं, आणि शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत गळ टाकून मग निघायचा बेत आहे. माशांचं सांगतो, पण आधी ते "दुपारपर्यंत" खोडा. याच मुद्द्यावर माझा माझ्या मेव्हण्याशी जुना वाद आहे आणि मी त्यात तसूभरही मागे हटणार नाही. मासेमारी आदल्या संध्याकाळी संपवायची. शेवटची सकाळ तळं ओलांडण्यासाठी.

कारण वारा. पहाटे पाणी बहुतेक वेळा शांत असतं. ऊन चढलं, जमीन तापली की वरचा जोराचा वारा खाली उतरतो आणि दुपारी तळं खवळतं. वारा पाठीमागून असला तर आपल्याजवळचं पाणी झाडांच्या आडोशामुळे गुळगुळीत दिसतं आणि माणूस तिथेच फसतो. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला जितकं लांब अंतर मिळेल तितकी लाट वाढते. दोन किलोमीटर आत गेल्यावर तीच लाट मागून येऊन कनूला आडवं फिरवते, आणि सामानाने भरलेली कनू लाटेला आडवी झाली की पाणी आत यायला वेळ लागत नाही. म्हणून पायाजवळचं पाणी बघून निघू नका, तळ्याच्या मध्यावर बघा. काळसर पट्टा आणि त्यावर जागोजागी पांढरा फेस दिसला तर वारा साधारण ताशी २० किलोमीटरच्या घरात आहे. मुलांना घेऊन मध्ये जायचं नाही. वारा ज्या किनाऱ्याकडून येतोय त्याच्या आडोशाने जा, कितीही लांब पडलं तरी. नाहीतर थांबा. थांबावं लागेल हे धरून एक जेवण जास्तीचं ठेवा.

सहाला पाण्यात उतरायचं तर तंबू, झोपायच्या पिशव्या आणि सकाळचं कोरडं खाणं सोडून बाकी सगळं रात्रीच बांधून ठेवा. भरलेल्या कनूचा काठ पाण्यापासून किमान १५ सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. वारा समोरून असेल तर वजन किंचित पुढे, मागून असेल तर किंचित मागे. उलटं केलंत तर हलकं टोक वाऱ्याबरोबर भरकटतं आणि मागचा माणूस सगळा वेळ दिशा सुधारण्यात दमतो. जड पॅक तळाशी, मुलं मधे, लाइफ जॅकेट अंगात आणि बक्कल लावलेलं.

पोर्टेजचा, म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे कनू आणि सामान खांद्यावर वाहून नेण्याच्या वाटेचा, हिशेबही नीट करा. नकाशावर अंतर रॉडमध्ये असतं, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. ८० रॉड म्हणजे ४०० मीटर. पण सामानाला दोन फेऱ्या लागल्या की मधलं परत येणं धरून १,२०० मीटर चालणं होतं. शेवटच्या पोर्टेजवर सगळे थकलेले असतात आणि मासे पकडायच्या काठ्या गळासकट उचलल्या जातात. मोठ्यांच्या खांद्यावरून लोंबणारा तीन काट्यांचा गळ मागून येणाऱ्या मुलाच्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येतो. रात्रीच ल्युअर (गळ लावलेलं नकली आमिष) काढून डबीत टाका, काठी दोन तुकड्यांत सोडवून बांधा.

शेकोटीवर पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. राख हाताला गार लागेपर्यंत निघायचं नाही.

आता मासे. दोरीला ओवून कनूमागे ओढत नेऊ नका. वरच्या कोमट पाण्यात ते मरतात आणि मांस मऊ पडतं. आदल्या संध्याकाळचे असतील तर मारल्याबरोबर कल्ले आणि आतडी काढा, पोकळीतलं रक्त पुसा, कोरडे करा. ओल्या कापडात गुंडाळून सावलीत, हवा लागेल असे ठेवा. बर्फ गाडीतल्या कूलरमध्ये असेल, तिथपर्यंत कमीत कमी वेळात पोहोचणं हाच खरा उपाय, आणि तोही लवकर निघण्याचाच. रात्र उबदार असेल तर मासे ठेवूच नका, संध्याकाळीच शिजवून खा. आतडी पाण्यात टाकायची नाहीत. पाणी, वाट आणि मुक्कामाच्या जागेपासून २०० फूट दूर पुरायची. आकाराची मर्यादा असलेला मासा नेताना मोजता यावा लागतो, म्हणून डोकं-शेपूट तशीच राहू द्या. नियम तळ्यागणिक बदलतात, त्या वर्षीची पुस्तिका बघून घ्या.

उरलेलं जिवंत आमिष तळ्यात सोडायचं नाही, कचऱ्यात टाकायचं. धक्क्यावरून निघण्याआधी कनूतलं पाणी काढा, अडकलेली पाणवनस्पती उपटून टाका. मिनेसोटात हे कायद्याने बंधनकारक आहे.

एक राहिलं: हे सगळं मोठ्या उघड्या तळ्यासाठी. तुमचा परतीचा मार्ग फक्त लहान तळ्यांमधून आणि अरुंद ओढ्यांमधून असेल, तर नऊपर्यंत गळ टाकायला हरकत नाही. दुपारपर्यंत मात्र तेव्हाही नको.