पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शेल्टी: आधी औषधाचं, मग केसांचं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सात वर्षांच्या मुलीसोबत शेटलंड शीपडॉग, म्हणजेच शेल्टी, राहील का, उन्हाळ्यात त्याचे केस बारीक कापले तर चालतील का, आणि दोघंही नऊ तास कामावर असाल तर काय. तिन्हींचं उत्तर देतो, पण ज्याने या जातीचं कुत्रं जिवानिशी जाऊ शकतं ते तुमच्या प्रश्नात नाही, म्हणून ते आधी.

गोचीड किंवा खरूज झाली की आयव्हरमेक्टिन टोचायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. कोली या मेंढपाळी जातीच्या कुळातल्या काही कुत्र्यांत एमडीआर1 या जनुकात दोष असतो, शेल्टीतही असतो. हे जनुक एक पंप बनवतं, जो औषध मेंदूत साठू देत नाही. पंप बिघडलेला असेल तर औषध आत साचतं. कुत्रं झोकांड्या खातं, लाळ गळते, बाहुल्या मोठ्या होतात, दिसेनासं होतं, अंग थरथरतं, मग शुद्ध हरपते. यावर नेमका उतारा नाही; औषध उतरेपर्यंत सलाइन आणि श्वासाच्या आधारावर दिवसचे दिवस काढावे लागतात.

हिशेब करून बघा. गुरांसाठीच्या 1 टक्का इंजेक्शनच्या 1 मिलीत 10 मिलिग्रॅम औषध असतं. 8 किलोच्या शेल्टीला नुसतं 0.2 मिली दिलं तरी किलोमागे 250 मायक्रोग्रॅम होतात. हृदयातल्या कृमींसाठी महिन्याला जो डोस देतात तो किलोमागे 6 मायक्रोग्रॅम असतो, आणि तो दोष असलेल्या कुत्र्यालाही चालतो. म्हणजे औषध तेच, पण मात्रा चाळीसपट. म्हणून पिल्लू आणलं की गालाच्या आतला स्वॅब किंवा रक्त देऊन एमडीआर1 तपासून घ्या. आयुष्यात एकदाच करायची चाचणी आहे. निकाल येईपर्यंत दोष आहे असंच धरा आणि डॉक्टरांच्या फाइलवर पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. भुलीच्या आधीची एसेप्रोमेझिन, ब्युटॉर्फॅनॉल ही औषधंही अशा कुत्र्याला कमी मात्रेत द्यावी लागतात. आणि जुलाब झाले म्हणून घरातली लोपेरामाइडची गोळी कधीही देऊ नका, तीही याच पंपावर अवलंबून आहे. गोचिडांसाठी फिप्रोनिलचे थेंब किंवा फ्लुरालेनरची गोळी, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून.

आता केस. बारीक कापू नका. शेल्टीला दोन थर असतात: वर लांब, सरळ, जरा राठ केस आणि खाली दाट, मऊ लोकर. वरचा थर ऊन आणि पाणी अडवतो. मशीन फिरवली की लोकर आधी वाढते, वरचे केस मागे राहतात, काहींचे नीट येतच नाहीत, आणि उघड्या कातडीला ऊन थेट लागतं. गारवा हवा असेल तर मेलेली लोकर बाहेर काढा, म्हणजे कातडीपर्यंत हवा पोचते.

त्यासाठी पिन ब्रश, स्लिकर (बारीक, वाकलेल्या तारांचा ब्रश) आणि स्टीलचा कंगवा पुरे. कुत्र्याला कुशीवर आडवं करा. पोटाकडून सुरुवात करून डाव्या हाताने केस वर धरा, खाली कातडीची एक पांढरी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेवर पाण्याचा हलका फवारा मारा (कोरडे केस तुटतात) आणि मुळापासून टोकाकडे ब्रश करा. मग दोन बोटं वर, पुढची रेघ. वरवर ब्रश फिरवला तर केस चमकतात आणि आत जटा तशीच राहते. गुंता होतो तो ठरलेल्या जागी: कानांमागे, काखेत, मागच्या मांड्यांच्या झालरीत. आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं. लोकर गळायच्या दिवसांत रोज. आंघोळीआधी गुंता सोडवा, कारण भिजला की तो आवळतो. पावसाळ्यात फिरून आल्यावर आतली लोकर ड्रायरच्या गार हवेने वाळवायलाच हवी, नाहीतर ओलसर जागी कातडी चिघळते.

एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजतील.

स्वभाव समजायला याचं मूळ गाव बघावं लागतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर छोट्या शेतांत मेंढ्या घुसू नयेत म्हणून हे कुत्रं राखण करायचं, ओरडून आणि मागे धावून. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबने 1909 मध्ये नोंद केली ती ‘शेटलंड कोली’ म्हणून; कोलीवाल्यांच्या विरोधानंतर 1914 मध्ये आजचं नाव आलं. उंची 13 ते 16 इंच, पण डोकं मेंढपाळाच्या कुत्र्याचं. त्यामुळे लिफ्टचा आवाज आला की भुंकेल, मुलगी पळाली की भोवती घिरट्या घालेल, स्कूटरमागे धावेल. रस्त्यावर पट्टा कधी सोडू नका. भुंकणं बंद होत नाही, आटोक्यात येतं: दोन-तीन भुंक झाले की शांतपणे ‘बस’ म्हणा, गप्प झालेल्या क्षणीच खाऊ द्या. रागावलात तर तो दबतो. आवाज चढलेला या जातीला अजिबात सोसत नाही.

रोज पाऊण ते एक तास व्यायाम, वर दहा मिनिटं काही नवं शिकवणं. वजन पटकन वाढतं आणि रक्तातली चरबी चढून पित्ताशय बिघडण्याकडे या जातीचा कल आहे, तेव्हा तूप-पोळी लाडाने देऊ नका. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

पिल्लू घेताना आई-बाप दोघंही बघा. दोघांच्याही अंगावर मर्लचे, म्हणजे करड्या-निळसर रंगाचे, ठिपके असतील तर ती वेत नको. त्यातली काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघतात.

नऊ तास रिकामं घर मात्र माझ्या मते शेल्टीला नाही. फ्लॅट लहान असल्याने बिघडत नाही, एकटेपणाने बिघडतं. दुपारी घरी येणारं कोणी, आजी-आजोबा किंवा ठरलेली फिरवणारी व्यक्ती, पक्की होईपर्यंत थांबा. पहिले दोन महिने तर तुमच्यापैकी एकाला घरूनच काम करावं लागेल.