एकच अंक पुन्हा पुन्हा येणारी मोठी मूळ संख्या घरच्या संगणकावर सापडेल का? 1111… पासून सुरुवात करू का?

सापडेल. पण 1111… पासून सुरुवात करू नका. तिथे मूळ संख्या निघतात त्या 2, 19, 23, 317, 1031 अंकांच्या, आणि त्यानंतर एकदम 49081 वर उडी आहे. वर एक सापळा: फर्माची कसोटी (पायाचा ‘संख्या वजा 1’ इतका घात करा, त्याला त्या संख्येने भागा; बाकी 1 उरली तर पास) 10 हा पाया धरून घेतली, तर 1111111 सुद्धा पास होते, आणि ती आहे 239 × 4649. एक किती वेळा आला तो आकडा मूळ असला (3 सोडून), की दर वेळी हेच होणार. पाया 3 घ्या.

त्यापेक्षा 3…31 घ्या. 31, 331 पासून 33333331 पर्यंत सातही मूळ. एवढे फळ्यावर लिहून ‘पुढच्याही मूळच’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. पुढचीच 333333331 म्हणजे 17 × 19607843! सलग सात मूळ निघायला हातभार लागला तो याचा, की 2, 3, 5, 7, 11, 13 यांनी या कुळातल्या कुठल्याच संख्येला भाग जात नाही. 3…31 ची तिप्पट म्हणजे 10 चा तिच्या अंकांइतका घात वजा 7 (3 × 331 = 1000 − 7); म्हणून भाग जायला 10 च्या त्या घाताला भाजकाने भागून 7 इतकीच बाकी यायला हवी (17 पेक्षा लहान भाजकांना 7 ला भागून उरेल ती). 7, 11, 13 ला ती कधीच उरत नाही. 17 ला उरते, 9 व्या घाताला.

म्हणून आधी चाळणी. एकूण अंकांची यादी करा. 17 साठी 9, 25, 41… खोडा (दर 16 नंतर), 19 साठी 12, 30, 48…, 23 साठी 21, 43, 65…, 31 साठी 17, 32, 47…. एक लांबी खोडायला एका कसोटीइतका वेळ लागू लागला, की थांबा. उरलेल्यांवरच पीएफजीडब्ल्यू (मोठ्या संख्यांची अशी कसोटी घेणारा प्रोग्राम) चालवा. अंक दुप्पट झाले की कसोटीचा वेळ चौपटीच्या वर जातो.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात हे काम रात्रीच लावा. पारा 40 च्या वर असताना प्रोसेसर तापून मंदावतो, आणि गणितात एक बिट जरी चुकला तरी शेवटची बाकी बिघडते. मग खरी मूळ संख्या यादीतून गळते आणि पत्ताही लागत नाही.

आणि हो, कसोटी पास म्हणजे फक्त ‘संभाव्य मूळ’. काही शे अंकांपर्यंत पारी-जीपी हे गणिताचे सॉफ्टवेअर थेट सिद्ध करून देते. त्यापुढे 1111… ची मदत घेता येते: 3…31 मधून 1 वजा केला, की 30 गुणिले एका अंकाने आखूड अशी नुसत्या एकांची संख्या उरते. 331 − 1 = 30 × 11. तिच्या सापडलेल्या मूळ अवयवांच्या गुणाकारातले अंक एकूण अंकांच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गेले, की सिद्धता हाताशी येते.