चौथीचं पुस्तक थोडं बाजूला ठेवा

प्रश्न : निफाड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवते. दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला पेठ-सुरगाण्याहून कुटुंबं येतात, त्यांची नऊ मुलं माझ्या वर्गात आहेत. शाळा सुटल्यावर अर्धा तास त्यांना चौथीचाच धडा पुन्हा शिकवते, तरी ती मागेच राहतात. काय करावं?

उत्तर : शब्द वाचताना अडखळणाऱ्या मुलाला चौथीचा धडा दोनदा शिकवला काय नि चारदा, हाती तेच. शिवाय हंगामात सुटल्यावरचा तास टिकत नाही. धाकट्या भावंडाला सांभाळायला मूल घरी पळतं. शाळेच्या वेळेतच रोज एक तास काढा.

आधी एकेकाला जवळ बसवून तपासा. एकसुरात म्हणताना न येणाराही ओठ हलवतोच. पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद द्या. सलग वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका नसतील, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही जमलं तर पाच सोपे शब्द. त्यातले चार आले तर ते मूल शब्दगटात. तेही नाही, तर अक्षरं. पाठांतराची शंका आली तर मधल्याच शब्दावर बोट ठेवून विचारा.

गट पातळीनुसार करा. तिसरी ते पाचवीची मुलं एकत्र बसली तरी चालेल. अक्षरगटाला रोज बाराखडीचा तक्ता. ‘पाणी’चं ‘पणी’ होतं तेव्हा अक्षर चुकलेलं नसतं, काना सुटलेला असतो. म्हणून प-पा, क-का शेजारी ठेवून वाचून घ्या. जोडाक्षरांची घाई नको. शब्दगटाला छोटा मजकूर : आधी तुम्ही बोट ठेवून वाचा, मग मुलं, मग त्यावर गप्पा. या गप्पा वेळ नाही म्हणून हमखास गळतात, आणि तिथंच नुकसान होतं. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाचं उत्तर बोलीत आलं तर घ्या. पुस्तकी मराठीत सांगता आलं नाही म्हणजे कळलं नाही, असं नव्हे.

गणितात ५२ – ३७ चं उत्तर २५ येत असेल, तर मूल ७ मधून २ वजा करतंय. हातच्याचा नियम पुन्हा सांगू नका. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या, त्यातून ३७ मागा. एक गठ्ठा सोडावाच लागतो. काही दिवस काड्यांवर, मग वहीत.

दर पंधरवड्याला पुन्हा तपासून गट बदला, नाहीतर ‘मागचा गट’ हे मुलांचं नावच पडतं.

प्रश्न : आमच्या बागेवरच्या कुटुंबातल्या मुलीकडे शाळा सोडल्याचा दाखला नाही. प्रवेश मिळेल?

उत्तर : मिळायलाच हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही. गावच्या शाळेकडून शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाची शाळेतली माहिती पुढच्या शाळेला देणारं कार्ड, मागवा. बागा उतरून कुटुंब परतताना इकडच्या शिक्षकांकडून त्यावर मुलीची वाचन-गणिताची पातळी लिहून घ्या. तिकडे पुन्हा अक्षरांपासून सुरुवात होणार नाही.