मेंदूच्या लहरींचं ट्रेनिंग घ्यावं का?

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे. एक सेंटरवाले म्हणतात न्यूरोफीडबॅकची, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या ट्रेनिंगची, चाळीस सेशन्स करा, गोळ्या सुटतील. पैसे घालू का?

उत्तर: ताई, घाई नको. डोक्याला सेन्सर चिकटवतात, मेंदूच्या संथ थीटा लहरी कमी आणि वेगवान बीटा लहरी वाढल्या की स्क्रीनवरचं विमान वर जातं, लक्ष भरकटलं की खाली, बस एवढंच, करंट वगैरे देत नाहीत त्यामुळे ती भीती सोडा. पण अमेरिकेत एडीएचडी असलेल्या 7 ते 10 वर्षांच्या मुलांवरची याचीच चाचणी 2021 मध्ये छापून आली, त्यात काही मुलांना चक्क खोटा फीडबॅक (त्यांच्या स्वतःच्या लहरींशी संबंध नसलेला) दिला होता आणि तीही जवळपास तेवढीच सुधारली! मग चाळीस सेशन्सचे पैसे कशाचे? गोळ्या मात्र डॉक्टरांना न विचारता अजिबात बंद करू नका, आणि बिहेवियर थेरपीचं (वागणुकीवर काम करणाऱ्या उपचाराचं) आधी विचारा.