सांबराचं डोकं पुसायचंय? आधी ते ओलं फडकं खाली ठेवा

प्रश्न : ताई नमस्कार, साताऱ्याजवळ आमच्या गावच्या घरी पडवीत सांबराचं डोकं लावलंय, आजेसासऱ्यांच्या वेळचं, मागच्या फळीवर म्हैसूरच्या व्हॅन इंगनचं, म्हणजे शिकारीतले प्राणी पेंढा भरून जतन करून देणाऱ्या वर्कशॉपचं, लेबल आहे. हल्ली मानेवरचे केस गळतायत, एका कानाची कड तुटलीय आणि खाली फरशीवर रोज भुश्यासारखं काहीतरी पडतं. सासूबाई म्हणतात ओल्या फडक्याने पुसून शिंगांना खोबरेल लाव, आम्ही असंच करायचो. धाकटे दीर म्हणतात विकूनच टाकू. काय करू?

उत्तर : विकायचं तर डोक्यातूनच काढा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि मालकीचं सर्टिफिकेट असलं तरी अशी ट्रॉफी, म्हणजे प्राण्याचं जतन केलेलं डोकं, शिंगं वगैरे, विकता येत नाही. वारसाहक्काने ठेवता येते, पण वारसा आल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं कळवावं लागतं. म्हणून आधी कपाटातले जुने कागद काढा, आजेसासऱ्यांच्या किंवा सासऱ्यांच्या नावाचं सर्टिफिकेट सापडतं का बघा, नसेल तर गप्प न बसता एखादा वकील गाठा आणि वनखात्याशी बोला. सर्टिफिकेट आहे पण वस्तू नकोशी झालीय असं असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती वनखात्याकडे सरेंडर करता येते, मोबदला मात्र मिळत नाही.

आता साफसफाई. त्या काळात कातडीला आतून आर्सेनिकचा साबण चोळायचे, म्हणजे सोमल हो, कसर लागू नये म्हणून. हे अठराव्या शतकापासून चालत आलेलं, अगदी १९८० च्या आसपासपर्यंत जगभर वापरात होतं. ते विष उडून जात नाही, कातडी सुकते तसं धुळीत आणि केसांत उतरत राहतं. डोळ्यांच्या कडेला, कानाच्या बुडाशी, शिवणीवर पांढरी बारीक पूड दिसली तर समजून जा, पण दिसली नाही म्हणजे नाहीच असंही नाही. म्हणून जुनी ट्रॉफी विषारी आहे असंच धरून चालायचं. एन-९५ मास्क आणि नायट्राईलचे हातमोजे घालूनच हात लावा, पोरांना आणि कुत्र्यामांजरांना लांब ठेवा, नंतर कपडे वेगळे धुवा आणि कृपा करून झाडूने झटकू नका, ती सगळी धूळ घरभर होते आणि छातीत जाते.

फरशीवर भुसा पडतो म्हणता तो बहुतेक किड्यांचा आहे. टॉर्च घेऊन केसांच्या मुळाशी बघा, तपकिरी केसाळ अळ्यांच्या रिकाम्या साली सापडतील, तांदळाच्या कणीएवढ्या. त्या असतील तर आधी किडे मारायचे, मग साफसफाई, उलटं केलंत तर महिन्याभरात परत तेच. छोटा पक्षी वगैरे असता तर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून डीप फ्रीजरला उणे २० वर दोन आठवडे ठेवा म्हटलं असतं (खाण्यापिण्याचा फ्रीजर चुकूनही नाही!) आणि बाहेर काढल्यावर एक दिवस तसाच बंद ठेवायचा, नाहीतर अंगावर पाणी सुटतं. पण सांबराची शिंगं फ्रीजरमध्ये मावायची नाहीत, तेव्हा किडे गुदमरून मरावेत म्हणून ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून हवा आत न सोडणाऱ्या खास प्लास्टिकच्या पिशवीत ते काही आठवडे सीलबंद ठेवावं लागेल आणि हे काम संग्रहालयातल्या वस्तू जपणाऱ्या कॉन्झर्व्हेटरकडूनच करून घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, तिथे विचारून बघा. डांबराच्या गोळ्या मागे खोचून ठेवू नका, उघड्या पडवीत त्याने अळ्या मरत नाहीत, तुमचंच डोकं दुखेल.

किडे गेले की मऊ ब्रश घ्या, केसांच्या दिशेनेच फिरवा आणि धूळ हेपा फिल्टरवाल्या व्हॅक्यूमच्या तोंडात ढकलत जा, साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत बाहेर फेकतो. नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा म्हणजे सुटे केस ओढले जाणार नाहीत. त्याउपर मळ राहिलाच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं अल्कोहोल घालून कापसाचा बोळा जेमतेम ओला करायचा, कानामागे एका कोपऱ्यात करून बघायचं आणि मगच पुढे. घासायचं नाही, बोळा लाटण्यासारखा फिरवत न्यायचा. काचेचे डोळे इअरबडने पुसलेत ना की डोक्यात एकदम जीव आल्यासारखा वाटतो, मला या सगळ्या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

सासूबाईंना मात्र सांगा, तेल नको. एका घरी मी गव्याचं डोकं बघितलं होतं, दर दसऱ्याला शिंगांना खोबरेल, वर्षानुवर्षं. तेलावर धूळ बसून काळा चिकट थर झालेला, नखाने खरवडला की पापुद्रा निघायचा, आणि तेल कपाळावर उतरून केसांच्या जटा झालेल्या. शिंगांना कोरडा ब्रश आणि फार तर घट्ट पिळलेलं फडकं, बास.

कान वाकवून सरळ करायला जाऊ नका, जुनी कातडी पापडासारखी मोडते. तुटलेला तुकडा पाकिटात घालून जपून ठेवा. कॉन्झर्व्हेटर मागून जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाची खळ लावून तो बसवतात, फेव्हिकॉल लावलात तर पुढे कुणालाच तो सोडवता येणार नाही. टक्कल पडलेल्या जागी दुसरे केस चिकटवू नका, आहे ते राहू द्या, व्हॅन इंगनचं वर्कशॉप केव्हाच बंद झालंय आणि त्यांच्या हातचं काम परत होणार नाही. परत लावताना उन्हाची आणि पावसात ओल धरणारी भिंत टाळा, मागे दोन लाकडी ठोकळे ठेवा म्हणजे हवा खेळेल. आणि लेबलचा फोटो आजच काढून ठेवा.

प्रश्न : मी कोकणात शाळेत शिकवते. प्रयोगशाळेत पेंढा भरलेलं जुनं घुबड आहे, मुलं हात लावतात, पिसांवर बुरशी आलीय. उन्हात ठेवू का?

उत्तर : नको बाई, उन्हात रंग उडतील आणि चोच तडकेल. वर सांगितलेलं विषाचं प्रकरण इथेही तेच, आणि इथे तर लहान मुलं आहेत, तेव्हा उद्याच मुख्याध्यापकांना सांगून ते काचेच्या बंद पेटीत कुलपात ठेवा. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळाभर बदलत राहा. बुरशी पूर्ण कोरडी झाल्यावर हातमोजे-मास्क घालून मोठ्या माणसानेच मऊ ब्रशने काढायची, सुट्टीच्या दिवशी, खिडक्या उघड्या ठेवून. आणि तोवर ज्या टेबलावर ते घुबड होतं ते ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या, मुलं तिथेच डबे उघडत असतील.