विष अंगात भिनल्यावर डायलिसिसने निघतं का?

निघतं, पण प्रत्येक विष नाही. तुम्ही पुढे विचारलंय, ‘एकदा डायलिसिसला चढवलं की ते जन्माचं मागे लागतं का?’ अगदी हेच बोलून माझ्या मोठ्या काकांनी आयसीयूच्या दारात सही करायला नकार दिला होता. म्हणून लिहितेय.

आई चौदा वर्षं लिथियमवर होती. मानसोपचाराची गोळी, म्हणून घरात तिला सगळे ‘ताकदीची गोळी’ म्हणायचे. लालबागच्या आमच्या खोलीत ऐन जुलैत आईला जुलाब लागले, अंग ठणकायला लागलं. काकू तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि लिथियमचं नावच काढलं नाही. त्यांनी आयबुप्रोफेन ही अंगदुखीची गोळी दिली. जुलाबाने अंगातलं पाणी आणि मीठ गेलेलं, वर ही गोळी. किडनीतून लिथियम बाहेर पडणंच मंदावलं. चौथ्या दिवशी चहा बशीत ओतताना आईचा हात असा थरथरला की चहा सगळा मांडीवर. संध्याकाळी जीभ जड झाली, रात्री हाक मारली तरी डोळे उघडेना. रक्तात लिथियम ३.८ निघालं. एरवी १.२ च्या वर जाऊ देत नाहीत.

काकांची समजूत घालण्यात दोन तास गेले. शेवटी सही मी केली, तेव्हा बावीस वर्षांची होते. मानेतल्या शिरेत नळी घालून सहा तास मशीन चालवलं. लिथियमचा कण अगदी लहान, रक्तातल्या प्रथिनांना चिकटत नाही, त्यामुळे फिल्टरमधून सहज निघून जातं. पातळी उतरली आणि सकाळी पुन्हा चढली, कारण पेशींत मुरलेलं लिथियम रक्तात परत येतं. दुसऱ्यांदा करावं लागलं. बस्स, दोनदाच. आईची किडनी आजही नीट चालते.

डायलिसिसने कुणी अडकत नाही. किडनीच कायमची गेली असेल तर ते कायम लागतं. आणि मनाच्या आजाराची गोळी डॉक्टरांपासून लपवणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे. काकू म्हणते, ‘तुझं लग्न जमवायचं होतं ना.’ आईच्या जिवावर मला लग्न नको होतं.

हो, एक राहिलं. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्यातलं मिथेनॉलही वेळेत केलं तर डायलिसिसने निघतं. पण पिकावरच्या ऑरगॅनोफॉस्फेट औषधाला सहसा त्याचा उपयोग नाही, तिथे अॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध लागतं. पॅरासिटामॉल जास्त झालं तर बहुतेकदा त्याचा उतारा, एन-अॅसिटिलसिस्टीन, देतात. तेव्हा दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं, बाटली, जे सापडेल ते उचलून न्या.

आईच्या पर्समध्ये आता सगळ्या औषधांची चिठ्ठी असते, लिथियम सगळ्यात वर. मागच्या दिवाळीत काकूच्या नजरेला ती पडली. तिने काही न बोलता पर्सची चेन लावली. मी ती पुन्हा उघडली.